ग्रंथाची जोखीम कोणाच्या खाती?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या १९३६ सालच्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाचारण केले, आणि त्यांनी सिद्ध केलेले भाषण हाती पडताच त्यातील काही भाग वगळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी मजकुरात फेरफार करण्यास साफ नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि जे व्यासपीठावरून बोलावयाचे होते ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने, आठ आणे किंमत लावून, पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या त्या पुस्तकाच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ साली दुसरी आवृत्ती काढावी लागली. महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रातून पुस्तकाचा परामर्श घेतला तेव्हा ते लेखकाने पदरच्या पैशाने काढले असल्याची नोंद त्यांनी केलीच, शिवाय किंमत दोन आणे, निदान चार आणे तरी करावी, अशी सूचनाही केली. सिद्धान्ताचा एवढा मोठा वाद चालू असताना पुस्तकाच्या किमतीचाही विचार व्हावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. कारण ग्रंथ कितीही थोर असला तरी तो वाचकाच्या हाती पडतो तो किंमत मोजूनच.

वीस वर्षांनी याच लेखकावर निराळा प्रसंग आला. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ छापण्याच्या खटपटीत असताना, १४ सप्टेंबर १९५६ रोजी, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपयांवर जात असून तो आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, तेव्हा भारत सरकारने ग्रंथालयांना व अभ्यासकांना देण्यासाठी पाचशे प्रती विकत घ्याव्यात, असा त्या पत्राचा आशय होता. बुद्धजयंतीनिमित्त प्रकाशनांसाठी राखून ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर दुसऱ्याच दिवशी निघाले. ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या वतीने प्रसिद्ध झाला. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात त्यांचे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' आणि 'हू वेअर द शूद्राज?' हे ग्रंथ मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने रीतसर प्रकाशित केले होते. म्हणजे एकाच लेखकाने एका हयातीत स्वतः प्रकाशक होऊन पाहिले, व्यावसायिक प्रकाशकाकडे ग्रंथ सोपवून पाहिले, आणि अखेरीस छपाईच्या खर्चासाठी सरकारकडे अर्जही करून पाहिला. यांपैकी कोणत्याही प्रसंगी लेखनाच्या योग्यतेचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो भांडवल कोण घालणार आणि ते बुडाले तर नुकसान कोणाच्या खाती लिहिले जाणार, एवढाच.

आज महाराष्ट्रात पुस्तक लिहून पुरे केलेल्या प्रत्येक नव्या लेखकापुढे हाच प्रश्न उभा राहतो, परंतु तो या स्वरूपात त्याला कोणी सांगत नाही. पुस्तक प्रकाशकाकडे द्यावे की आपणच काढावे, याची चर्चा बहुधा मानापमानाच्या अंगाने चालते. नामवंत प्रकाशनसंस्थेचे नाव लागले म्हणजे प्रतिष्ठा, आणि स्वतः काढले म्हणजे हौस, असा एक समज रूढ आहे. मला तो समज घातक वाटतो, कारण त्यामुळे लेखक हिशेब विचारीतच नाही.

आधी प्रकाशकाचे काम काय, हे नीट पाहिले पाहिजे. पुस्तक छापतो तो मुद्रक. विकतो तो विक्रेता. प्रकाशक या दोघांच्या मध्ये उभा राहून पैसे गुंतवितो, आणि ते परत येण्याची वाट पाहतो. हस्तलिखिताची निवड, संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागदाची खरेदी, छपाई, बांधणी, गोदाम, वितरण आणि सरतेशेवटी वसुली, हा सगळा व्याप त्याचा. मौज प्रकाशनगृहात आणि 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवतांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर जे परिश्रम घेतले, त्यांची कथा मराठी लेखकांच्या दोन पिढ्या कृतज्ञतेने सांगत आल्या आहेत. असे संपादन हा ग्रंथाच्या खर्चाचाच एक भाग असतो, आणि तो किमतीत कोठेही वेगळा दिसत नाही.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. कागदाच्या भावाप्रमाणे आणि छापखान्यागणिक ते बदलतील, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते फारसे बदलत नाही. दोनशे पृष्ठांचे, डेमी आकाराचे, तीनशे रुपये किमतीचे पुस्तक आहे, आणि पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची आहे, असे धरू. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याचा प्रघात होता; आता पाचशेची, कित्येकदा तीनशेचीही, आवृत्ती निघते. कागद, छपाई व बांधणी मिळून प्रतीला नव्वद रुपये पडले तर पंचेचाळीस हजार झाले. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचे पंचवीस हजार धरले तर एकूण गुंतवणूक सत्तर हजारांची झाली. वितरक व विक्रेता यांना मिळून चाळीस टक्के सवलत द्यावी लागते, म्हणजे एकशेवीस रुपये गेले. लेखकाचे स्वामित्वधन दहा टक्क्यांनी तीस रुपये गेले. प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे दीडशे रुपये उरले. या दराने सत्तर हजार भरून निघण्यास चारशे सदुसष्ट प्रती विकल्या जाव्या लागतात. उरल्या तेहतीस, त्यांतून अभिप्रायार्थ, पुरस्कारांसाठी आणि लेखकाला द्यावयाच्या भेट प्रती वजा घातल्या की काय राहते ते वाचकांनीच पाहावे. कचेरीचे भाडे, कारकुनाचा पगार आणि गोदामाचा खर्च तर यात धरलेलाच नाही.

याचा अर्थ असा की पहिल्या आवृत्तीत प्रकाशकाला जवळजवळ काहीच सुटत नाही. त्याचा व्यवसाय चालतो तो दुसऱ्या आवृत्तीवर. संपादन, जुळणी आणि मुखपृष्ठ यांचा खर्च एकदाच झालेला असतो. पुनर्मुद्रणाला पंचेचाळीस हजार लागतात, पाचशे प्रतींचे पंचाहत्तर हजार येतात, आणि तीस हजारांची शिल्लक दिसू लागते. ज्या पुस्तकाच्या पुनःपुन्हा आवृत्त्या निघतात, त्याच्या जिवावर प्रकाशक इतर चार पुस्तकांचे नुकसान सोसू शकतो, आणि नव्या कवीचा संग्रह काढण्याचे धाडसही करू शकतो. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'पानिपत' यांसारखी पिढ्यान् पिढ्या मागणी असणारी पुस्तके प्रकाशनसंस्थेला का हवी असतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत लेखकाच्या वारसांकडे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून अशा पुस्तकाचा हक्क हा एखाद्या वाड्याच्या मालकीइतका टिकाऊ असतो; आणि तो कोणत्या अटींवर दिला आहे, हे कित्येक घरांत वारसांनाही माहीत नसते, याची मला खंत वाटते.

हाच हिशेब लेखकाने स्वतः प्रकाशक होऊन मांडला तर काय दिसेल? गुंतवणूक तीच, सत्तर हजारांची, मात्र ती त्याच्या बचतीतून जाणार. पुस्तके दुकानांतूनच विकावयाची म्हटली तर प्रतीमागे एकशेऐंशी रुपये येतील आणि तीनशे एकोणनव्वद प्रतींना खर्च निघेल. थेट वाचकाला पंचवीस टक्के सवलतीने, टपालखर्च वेगळा घेऊन विकली, तर दोनशे पंचवीस रुपये येतील आणि तीनशे बारा प्रतींतच मुद्दल सुटेल. त्यापुढची प्रत्येक प्रत निव्वळ मिळकतीची. प्रकाशकाकडून पाचशेच्या पाचशे प्रती खपल्यावर ज्या लेखकाला पंधरा हजार मिळाले असते, त्यालाच थेट विक्रीत तेवढ्याच प्रतींवर बेचाळीस हजारांच्या वर सुटतात. आकड्यांनी पाहिले तर स्वयंप्रकाशनाचा पक्ष बळकट आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु तीनशे बारा माणसे कोठून आणावयाची? आप्तेष्ट, स्नेही, कचेरीतील सहकारी, गावचे मास्तर आणि प्रकाशन समारंभास आलेली मंडळी मिळून शंभर-सव्वाशे प्रती जातात. मग वेग मंदावतो. लेखक दहा प्रती घेऊन पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत दादरला एखाद्या दुकानी जातो. दुकानदार सौजन्याने प्रती ठेवून घेतो, पण जाकड म्हणून. चलनावर सही होते, आणि विकले तर पैसे, न विकले तर माल परत, असा वायदा ठरतो. आठ महिन्यांनी लेखक चौकशीला जातो तेव्हा तीन प्रती खपलेल्या असतात, दोनांची पृष्ठे ग्राहकांनी चाळून मळलेली असतात, आणि तीन प्रतींचे पाचशे चाळीस रुपये घेण्यासाठी तो नाशिकहून किंवा साताऱ्याहून पुन्हा एकवार येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. ज्या प्रकाशकाची दोनशे पुस्तके त्याच दुकानात आहेत, त्याची वसुली एका खात्यावर होते. एका पुस्तकाच्या मालकाचे खाते उघडणे दुकानदारालाही परवडत नाही. वितरणाचा हा अडसर लेखनाच्या गुणाने दूर होत नाही, आणि उरलेल्या प्रती घरी पलंगाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत कसर लागेपर्यंत पडून राहतात.

ग्रंथालयांचेही असेच आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता आणि अ, ब, क, ड वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले, आणि मराठी पुस्तकाचा एक स्थिर गिऱ्हाईक निर्माण झाला. पुठ्ठाबांधणीच्या कादंबऱ्यांचा फार मोठा भाग याच ग्रंथालयांनी पोसला आहे. पण ग्रंथपाल वितरकाच्या यादीवरून एकरकमी खरेदी करतो, आणि पैसे देतो ते अनुदानाचा हप्ता आल्यावर. इतकी उधारी सोसण्याची ताकद एकाकी लेखकाला नसते. कलकत्त्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाची खरेदी आहे, पण तिच्याही निवडीच्या फेऱ्या आणि अर्ज असतात. हे काम अंगवळणी पडलेल्या माणसाचे आहे.

आणखी एक बाब सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नसते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ही गोष्ट सर्वांना आनंदाची वाटते. परंतु विक्री करमुक्त असल्यामुळेच कागदावर आणि इतर सामग्रीवर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही, आणि तो कर मुकाट्याने पुस्तकाच्या किमतीत शिरतो. प्रकाशक मोठा असो की लेखक स्वतः असो, हा भार दोघांवर सारखाच पडतो.

वितरणाची ही भिंत ओलांडण्याचा मार्ग मराठी माणसांनी फार पूर्वी शोधला होता, आणि तो म्हणजे पुस्तक छापण्याआधीच गिऱ्हाईक बांधून घेणे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले, ते कोणा संस्थानिकाच्या इनामावर विसंबून नाही. नागपुरास ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी स्थापून, भाग विकून आणि वर्गणीदार मिळवून त्यांनी भांडवल उभे केले. एवढ्या विद्वान माणसाने दारोदार हिंडून भाग खपवावेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणले म्हणजे ग्रंथव्यवसायात कोणतेही काम हलके नसते, याची खात्री पटते. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यास ग्रंथालीने वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन सवलतीत पुस्तके देण्याची चळवळ उभारली, आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली त्याच मार्गाने घराघरांत पोहोचले. मुंबईत १९७६ साली अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या कवींनी क्लिअरिंग हाऊस नावाने स्वतःचे प्रकाशन काढले; त्यातून निघालेल्या कोलटकरांच्या 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. या उदाहरणांत लेखक एकटा नव्हता. त्याच्याभोवती वाचकांचे किंवा सहलेखकांचे मंडळ होते, आणि जोखीम त्या मंडळात वाटली गेली होती. प्रकाशनपूर्व सवलत ही मराठी प्रकाशकांची जुनी रीत याच शहाणपणातून आली आहे. स्वतः पुस्तक काढू इच्छिणाऱ्याने छापखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी निदान दीडशे वाचकांची नावे व पैसे वहीत जमा करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे यंत्राने जोखीम आणखी कमी केली आहे. मागणी येईल तशी एकेक प्रत छापण्याची सोय बंगळुरूच्या पोथी डॉट कॉमसारख्या आणि चेन्नईच्या नोशन प्रेससारख्या संस्थांनी उपलब्ध केली. प्रतीचा छपाईखर्च अर्थातच वाढतो. पण गोदाम नाही, खोकी नाहीत, आणि पन्नास वाचकांच्या संशोधनग्रंथालाही जन्म घेता येतो. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी पुस्तके येऊ लागली. तेथे ई-पुस्तकावर लेखकाला किमतीच्या पस्तीस किंवा सत्तर टक्के मिळतात. मात्र भारतातील विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक त्या एकाच मंचावर ठेवण्याची अट मान्य करावी लागते. सत्तर टक्क्यांचा आकडा ऐकून हुरळून जाणाऱ्या लेखकाने ही अट वाचावी. प्रकाशकाच्या मक्तेदारीतून सुटून मंचाच्या मक्तेदारीत जाणे, हा सौदा काहींना परवडेल, काहींना परवडणार नाही.

येथवर दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार बळावला आहे, आणि त्याविषयी कठोर शब्द वापरल्यावाचून माझ्याने राहवत नाही. लेखकाकडून छपाईचा सारा खर्च, कित्येकदा त्याहूनही अधिक, आगाऊ घ्यावयाचा. त्यावर आपल्या संस्थेचे नाव घालावयाचे. लेखकाला शे-दीडशे प्रती द्यावयाच्या आणि उरलेल्या प्रती व हक्क दोन्ही आपल्याकडे ठेवावयाचे. नफा छपाईच्या दिवशीच पदरात पडल्यामुळे पुस्तक विकण्याची निकड अशा संस्थेला उरत नाही. निवृत्तिवेतनाची रक्कम अशा रीतीने घालवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या हाती ना हिशेब आला, ना दुसरी आवृत्ती काढण्याचा अधिकार राहिला. पैसे लेखकाचे असतील तर मालकी लेखकाचीच असली पाहिजे. संपादन, मुखपृष्ठ, छपाई यांसाठी मोबदला घेऊन सेवा देणे यात गैर काही नाही. पण भांडवल एकाचे आणि हक्क दुसऱ्याचे, या व्यवहाराला प्रकाशन म्हणता येत नाही.

कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी व किती स्वामित्वधनावर दिले, याचा उल्लेख असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क जातो. आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नमूद केले नसल्यास, तो संपुष्टात येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले: करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमाचे हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत. याचबरोबर, जो स्वतः प्रकाशक होतो त्याच्यावर प्रकाशकाची कर्तव्येही येतात. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. आणि १९५४ च्या कायद्यान्वये प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत कलकत्ता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांना प्रती धाडाव्या लागतात.

ज्यांच्या घरी एखादे हस्तलिखित पुरे होऊन पडले आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रकाशक भांडवल घालीत असेल तर त्याच्या श्रमांचा मान राखा आणि दहा टक्क्यांना कमी लेखू नका; स्वतः घालणार असाल तर आधी वाचक मोजा आणि मग प्रती. पण कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मुदत, आवृत्तीच्या प्रतींची संख्या आणि दरवर्षी हिशेब देण्याची तारीख या तीन गोष्टी लेखी मागा, आणि जो त्या लिहून देण्यास नकार देईल त्याच्याकडून आपले हस्तलिखित त्याच दिवशी परत घेऊन या.